तीन अवस्थांचे मार्कोव्ह मॉडेल : प्रकल्प नोंदी

२ जून

नवे औषध त्याच्या जादा खर्चाच्या मानाने परवडते का, हे तपासणाऱ्या नमुना मॉडेलचा आराखडा ठरला. मार्कोव्ह मॉडेल म्हणजे रुग्णांचा गट दर टप्प्याला (‘सायकली’ला) ठरलेल्या संभाव्यतेने एका अवस्थेतून दुसरीत सरकतो असा हिशेब. दीर्घकालीन आजार, तीन अवस्था : स्थिर, बळावलेला, मृत. सायकल एक वर्षाची, एकूण ६० सायकली. तुलना दोन पर्यायांची : ‘अ’ म्हणजे नेहमीचा उपचार, ‘ब’ म्हणजे नेहमीचा उपचार आणि त्यावर नवे औषध. सगळे आकडे बांधणीसाठी घेतलेले आहेत, कुठल्याही खऱ्या औषधाचे नाहीत. खर्च नुसत्या ‘एककां’त लिहायचा, म्हणजे कुणी चुकून तो खरा समजणार नाही.

दृष्टिकोन : खर्च देणाऱ्या यंत्रणेचा. रुग्णाचा बुडालेला रोजगार, घरच्यांचा वेळ, प्रवास यांतले काहीही आत घ्यायचे नाही. हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवलेले बरे. नाहीतर मध्येच कुणीतरी ‘प्रवासखर्च तेवढा टाकू या’ म्हणते आणि तो एकाच बाजूला पडतो.

इनपुट :
स्थिर अवस्थेतला वार्षिक खर्च ४,०००, बळावलेल्या अवस्थेतला ९,०००.
नवे औषध वर्षाला ५,०००, फक्त स्थिर अवस्थेत असेपर्यंत.
जीवनमानाचे गुण (युटिलिटी; १ म्हणजे पूर्ण आरोग्य, ० म्हणजे मृत्यू) : स्थिर ०.८०, बळावलेला ०.५५.
स्थिर ते मृत ०.०३, बळावलेला ते मृत ०.२०, दोन्ही पर्यायांत सारखेच.
स्थिर ते बळावलेला : ‘अ’मध्ये ५ वर्षांत ६० टक्के. ‘ब’चा हॅझर्ड रेशो (‘ब’मधला बळावण्याचा दर भागिले ‘अ’मधला दर) ०.७०.
डिस्काउंट रेट (पुढच्या वर्षांचे आकडे आजच्या मोलात आणताना दरवर्षी घटवायचा दर) ३ टक्के, खर्चाला आणि परिणामांना एकच.

४ जून

पहिली धाव. ५ वर्षांचे ६० टक्के भागिले ५, म्हणून वर्षाला ०.१२. ‘ब’साठी ०.१२ × ०.७० = ०.०८४. क्वालीतला (क्वाली म्हणजे जगलेली वर्षे × युटिलिटी) फरक ०.९३९, खर्चातला फरक ३८,१२७, आयसर (खर्चातला फरक ÷ क्वालीतला फरक) सुमारे ४०,६००.

आकडा सभ्य दिसतो. तेवढ्यावर विसंबायचे नाही.

५ जून

कालचा भागाकार चूक. संभाव्यता वर्षांनी भागता येत नाही, दर भागता येतो. पडताळा सोपा आहे : वर्षाला ०.१२ धरले तर ५ वर्षांनी १ − ०.८८⁵, म्हणजे ४७.२ टक्के रुग्ण बळावतात. मूळ आकडा ६० टक्के होता. म्हणजे मॉडेलमधला आजार माहितीतल्या आजारापेक्षा सौम्य झाला होता.

दुरुस्ती तीन पायऱ्यांत :
आधी दर काढायचा : −ln(१ − ०.६०) ÷ ५ = ०.१८३२६.
मग वर्षाची संभाव्यता : १ − e^(−०.१८३२६) = ०.१६७४५.
हॅझर्ड रेशो संभाव्यतेला लावायचा नाही, दराला लावायचा : ०.१८३२६ × ०.७० = ०.१२८२८, आणि त्यावरून ‘ब’ची संभाव्यता ०.१२०३९.

संभाव्यतेलाच ०.७० ने गुणले असते तर ०.११७२२ आले असते. इथे फरक किरकोळ वाटतो, पण सायकल लांब असेल किंवा घटना वारंवार घडणारी असेल तर तो औषधाच्या पदरात फुकटचे श्रेय टाकतो.

दुसरी धाव : क्वालीतला फरक ०.७७६, खर्चातला फरक ३०,५०१, आयसर सुमारे ३९,३००.

इथे जरा थांबावे लागले. क्वालीतला फायदा १७ टक्क्यांनी घटला, जादा खर्च २० टक्क्यांनी घटला, आणि आयसर मात्र जेमतेम ३ टक्के हलला. अंश आणि छेद दोन्ही एकाच दिशेने चुकले होते, म्हणून गुणोत्तराने चूक पोटात घातली. आजपासून बदलांच्या नोंदीत प्रत्येक धावेचे तीन आकडे लिहायचे : क्वालीतला फरक, खर्चातला फरक, आयसर. नुसता आयसर लिहिलेली ओळ परत पाठवायची.

६ जून

ओळींची बेरीज १ येते का हे तपासणारा सेल प्रत्येक मॅट्रिक्सखाली (संक्रमणाच्या संभाव्यतांच्या तक्त्याखाली) घातला. ‘अ’ची स्थिर ओळ : ०.८०२५५ + ०.१६७४५ + ०.०३. बरोबर.

एक बारीक मुद्दा. बळावणे आणि मृत्यू या एकाच अवस्थेतून बाहेर पडण्याच्या दोन वाटा आहेत. दोन संभाव्यता वेगवेगळ्या काढून बेरीज केली की स्थिर अवस्थेतून बाहेर पडण्याची संभाव्यता ०.१९७४५ येते. दोन्ही दर आधी एकत्र करून मग बदलले तर ०.१९२४ येते. वार्षिक सायकलीत एवढा फरक चालवून घेतला आहे. सायकल लांबवायची वेळ आली तर चालणार नाही.

९ जून

अर्ध्या सायकलीची दुरुस्ती. मॉडेल माणसे मोजते सायकलीच्या सुरुवातीला, पण आजार बळावणे आणि मृत्यू वर्षभर होत असतात. म्हणून पहिल्या सायकलीचे अर्धेच श्रेय द्यायचे.

दोन्ही पर्यायांत सगळे रुग्ण ‘स्थिर’पासूनच सुरू होतात, त्यामुळे दोन्हीकडून सारखेच वजा होते आणि क्वालीतला फरक ०.७७६ वरच राहतो. खर्चात मात्र औषध एकाच बाजूला आहे. ५,००० × ०.५ = २,५०० एकके कमी. खर्चातला फरक २८,००१, आयसर सुमारे ३६,१००.

म्हणजे निव्वळ मोजणीच्या रिवाजामुळे आयसर ३,२०० ने उतरला. मग प्रश्न येतो की ही दुरुस्ती औषधाच्या खर्चाला लावायची का. औषध महिन्याच्या महिन्याला दिले जात असेल तर लावायची. एकरकमी उपचार असेल, किंवा वर्षाचा साठा आधीच घेतला जात असेल, तर नाही, कारण रुग्ण चौथ्या महिन्यात दगावला तरी पैसे गेलेले असतात. इथे मासिक वाटप धरले आहे, म्हणून दुरुस्ती लावली. इनपुट शीटवर त्यासाठी ०/१ चा स्विच ठेवला.

१० जून

तोडफोड चाचण्या :
हॅझर्ड रेशो १, औषधाची किंमत ० → दोन्ही फरक शून्य. पास.
सगळ्या युटिलिटी १, डिस्काउंट रेट ० → क्वाली = आयुष्याची वर्षे. पास.
मृत्यूची संभाव्यता सगळीकडे ० → ‘मृत’ रकाना साठही सायकली रिकामा. नापास.

‘ब’च्या शीटवर एका सेलच्या संदर्भातले डॉलरचिन्ह सुटले होते. सूत्र खाली ओढताना संदर्भ एकेक ओळ सरकत गेला आणि चौदाव्या सायकलीपासून मृत्यूच्या जागी शेजारच्या तक्त्यातला आकडा उचलला जात होता. हे ५ जूननंतर, शीटची प्रत काढताना झाले असावे, कारण आधीच्या धावांचे आकडे हाताने काढलेल्या बेरजेशी जुळतात. इनपुटना आता नावे दिली, सेलचे पत्ते काढून टाकले.

१२ जून

खऱ्या मॉडेलमध्ये औषधाचा वार्षिक खर्च कसा काढायचा याची कार्यपद्धत लिहिली. वजनावर मात्रा असलेल्या इंजेक्शनात हमखास होणारी चूक नमुन्यासह :

मात्रा ६ मिग्रॅ प्रति किलो, कुपी १५० मिग्रॅची. ७० किलोच्या रुग्णाला ४२० मिग्रॅ लागतात. कुपी ३ फोडाव्या लागतात, ३० मिग्रॅ वाया. ७६ किलोच्या रुग्णाला ४५६ मिग्रॅ, म्हणजे केवळ ६ मिग्रॅसाठी चौथी कुपी फोडायची आणि १४४ मिग्रॅ टाकून द्यायचे. सरासरी वजन ७० धरून ‘२.८ कुप्या’ असा हिशेब केला तर दोघांचाही खर्च चुकतो, आणि चूक नेहमी औषध स्वस्त दाखवण्याच्या बाजूनेच. वजनांचे वितरण घ्यावे, प्रत्येकाच्या कुप्या वरच्या पूर्णांकात मोजाव्यात, मग सरासरी काढावी. उरलेले औषध पुढच्या रुग्णाला वापरण्याची सोय असेल तर ते वेगळा पर्याय म्हणून दाखवावे, मुख्य हिशेबात गुपचूप नको.

किमतीचे वर्ष एकच असावे. वेगवेगळ्या वर्षांचे खर्च आधी त्याच देशाच्या निर्देशांकाने एका वर्षात आणायचे आणि नंतर चलन बदलायचे. आधी चलन बदलून मग महागाई लावली की उत्तर वेगळे येते, आणि कुठल्या देशाची महागाई लावली हे सांगता येत नाही.

१३ जून

युटिलिटीचा स्रोत : ईक्यू-५डी-५एल, म्हणजे रुग्णाने आपल्या तब्येतीबद्दल भरायची प्रश्नावली. पाच परिमाणे, प्रत्येकी पाच पातळ्या, एकूण ३,१२५ अवस्था. जुन्या तीन पातळ्यांच्या आवृत्तीत २४३ होत्या. दोन आवृत्त्यांचे गुण एकाच मॉडेलमध्ये मिसळू नयेत. प्रत्येक देशाचा मूल्यसंच (अवस्थेवरून युटिलिटी काढायचा तक्ता) वेगळा असतो, त्यामुळे कोणता वापरला ते संच आणि वर्षासकट लिहावे. त्याच प्रश्नावलीतला ० ते १०० चा उभा मापक रुग्णाचे स्वतःचे मत सांगतो. तो आकडा १०० ने भागून युटिलिटी म्हणून वापरायचा नाही. हा घोटाळा इतक्यांदा दिसतो की तपासणी यादीत त्याला स्वतंत्र ओळ दिली.

१७ जून

कालमर्यादा बदलून पाहिली.

६० सायकली : क्वालीतला फरक ०.७७६, खर्चातला फरक २८,००१, आयसर ३६,१००.
५ सायकली : क्वालीतला फरक ०.१२७, खर्चातला फरक १५,०१३, आयसर सुमारे १,१८,०००.

तेच औषध, तोच हॅझर्ड रेशो. पैसे पहिल्या वर्षापासून जातात, क्वालीचा फायदा मात्र बराचसा पाचव्या वर्षानंतर जमतो. म्हणून जिथे पर्यायांमुळे मृत्यू किंवा कायमचे नुकसान बदलते, तिथे आयुष्यभराची मर्यादा घ्यायची. पण आयुष्यभराची मर्यादा घेतली की औषधाची चाचणी संपल्यानंतरची सगळी वर्षे गृहीतकावर चालतात. पुढची नोंद त्याच दुखण्याची.

१८ जून

औषधाचा परिणाम किती वर्षे टिकतो? तीन प्रसंग चालवले.

(क) परिणाम कायम, औषध कायम : ३६,१००.
(ख) परिणाम ५ वर्षांनी संपतो, औषध चालूच : क्वालीतला फरक ०.४७९, खर्चातला फरक २५,०००, आयसर सुमारे ५२,१००.
(ग) परिणाम आणि औषध दोन्ही ५ वर्षांनी बंद : क्वालीतला फरक ०.४७९, खर्चातला फरक १७,३०८, आयसर ३६,१००.

(ग)चा आयसर (क)शी तंतोतंत जुळला तेव्हा सेल चुकून लॉक राहिला अशी शंका आली. तसे नाही. या मॉडेलमध्ये संक्रमणे काळानुसार बदलत नाहीत आणि मर्यादा आयुष्यभराची आहे. त्यामुळे स्थिर रुग्णाने औषधाखाली काढलेल्या प्रत्येक वर्षाचा फायदा आणि खर्च एकमेकांच्या त्याच प्रमाणात राहतात. वर्षे कमी केली की दोन्ही बाजू सारख्याच आकसतात. वयानुसार मृत्युदर वाढवत नेला की ही जुळणी मोडते, आणि खऱ्या मॉडेलमध्ये तो वाढवावाच लागतो.

अहवालात (ख) वगळण्याचा मोह होईल. वगळू नये. ‘परिणाम आयुष्यभर टिकतो’ हे गृहीतक टिपेत दडवले की बाकीचे सगळे संवेदनशीलता विश्लेषण (इनपुट बदलून निकाल किती हलतो ते पाहणे) शोभेचे होते.

१९ जून

डिस्काउंट रेट. ब्रिटनच्या नाइसच्या (उपचारांची किफायत तपासणाऱ्या संस्थेच्या) पद्धतीत ३.५ टक्के, अमेरिकेतल्या किफायतशीरतेवरच्या दुसऱ्या तज्ज्ञ पॅनेलच्या २०१६ च्या शिफारशीत ३ टक्के. इथे ३ ठेवला. ० टक्क्याला आयसर ३०,७००. फक्त खर्चाला ३ टक्के लावून परिणाम तसेच सोडले तर २४,६००, आणि ही नेहमीची चूक आहे. क्वालीच्या रकान्यातला गुणक विसरला की औषध एकाएकी स्वस्त वाटू लागते.

२३ जून

तिसरा पर्याय ‘क’ (१८ जूनचा प्रसंग (क) नव्हे) आत घेतला : नवे औषध नाही, पण पाठपुरावा दाट. एकूण आकडे असे :

अ : खर्च ४५,७८६, क्वाली ५.०३६
क : खर्च ६१,७८६, क्वाली ५.३९६
ब : खर्च ७३,७८७, क्वाली ५.८१२

खर्चाच्या चढत्या क्रमाने लावून प्रत्येकाची तुलना आधीच्याशी करायची, सगळ्यांची ‘अ’शी नाही. अ ते क : १६,००० ÷ ०.३६० = ४४,४००. क ते ब : १२,००१ ÷ ०.४१६ = २८,८००. महागड्या पायरीचा आयसर स्वस्त पायरीपेक्षा कमी आला, म्हणजे ‘क’ विस्तारित वरचढपणाच्या नियमाने बाद. काही रुग्णांना अ आणि काहींना ब दिले तर तेवढ्याच पैशात ‘क’पेक्षा जास्त क्वाली मिळतात. ‘क’ यादीतून काढून पुन्हा अ ते ब : ३६,१००.

‘ब’ विकणाऱ्याला ‘क’शी तुलना करून २८,८०० दाखवायला आवडेल. आकडा खोटा नाही, तुलना खोटी आहे.

२६ जून

संभाव्यताधारित विश्लेषणाची तयारी, म्हणजे प्रत्येक इनपुट त्याच्या वितरणातून पुन्हापुन्हा सोडतीने उचलून मॉडेल चालवायचे. वितरणे :

युटिलिटी ०.८०, प्रमाण त्रुटी ०.०५ → बीटा. ०.८ × ०.२ ÷ ०.००२५ = ६४, वजा १ = ६३. अल्फा ५०.४, बीटा १२.६.
बळावलेल्या अवस्थेचा खर्च ९,०००, प्रमाण त्रुटी १,८०० → गॅमा. आकार (९,००० ÷ १,८००)² = २५, मापक (स्केल) ३६०.
हॅझर्ड रेशो ०.७० (९५ टक्के मर्यादा ०.५२ ते ०.९४) → लॉगनॉर्मल. लॉगवरची त्रुटी (ln ०.९४ − ln ०.५२) ÷ ३.९२ = ०.१५१.

सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक म्हणजे प्रमाण त्रुटीच्या जागी रुग्णांमधले प्रमाण विचलन टाकणे. २५ रुग्णांच्या नमुन्यात विचलन ०.२५ असेल तर त्रुटी ०.२५ ÷ √२५ = ०.०५. त्रुटीच्या जागी ०.२५ टाकले की अल्फा १.२५ आणि बीटा ०.३१ येतात, आणि वितरण १ कडे चढत जाते. मॉडेल मग बहुतेक सोडतींत दीर्घ आजारी माणसाला जवळपास ठणठणीत धरते. आपल्याला सरासरीबद्दलची अनिश्चितता हवी आहे, माणसामाणसांतला फरक नव्हे.

२७ जून

आणखी दोन सापळे सापडले, दोन्ही बंद केले.

पहिला : सामाईक इनपुट (उदा. बळावलेल्या अवस्थेची युटिलिटी) ‘अ’ आणि ‘ब’च्या शीटवर स्वतंत्रपणे सोडत होत होते. एकाच सोडतीत एकच आजार दोन ठिकाणी वेगवेगळा त्रासदायक ठरत होता आणि निकालांच्या ठिपक्यांचा ढग विनाकारण पसरत होता. आता सोडत एका शीटवर, दोन्ही पर्याय तिथूनच वाचतात.

दुसरा : दोन युटिलिटी स्वतंत्रपणे सोडल्या की एखाद्या सोडतीत बळावलेला रुग्ण स्थिर रुग्णापेक्षा सुखात दिसतो. उपाय म्हणून स्थिर अवस्थेची युटिलिटी सोडायची आणि त्यातून घट वजा करायची. घट गॅमातून घेतली की ती कधी ऋण होत नाही.

१ जुलै

सोडतींच्या निकालाची सरासरी काढताना प्रत्येक सोडतीचा आयसर काढून त्यांची सरासरी घ्यायची नाही. आधी सरासरी खर्चफरक, सरासरी क्वालीफरक, मग भागाकार.

ऋण आयसर तर वाचताच येत नाही. −२०,००० दोन तऱ्हांनी येतो : खर्च २,००० ने कमी आणि क्वाली ०.१ ने जास्त, किंवा खर्च २,००० ने जास्त आणि क्वाली ०.१ ने कमी. पहिला पर्याय डोळे मिटून घ्यावा, दुसरा दारातूनच परत पाठवावा, आणि आकडा दोघांचा एकच. निव्वळ आर्थिक लाभात (क्वालीतला फरक × उंबरठा − खर्चातला फरक) हा गोंधळ होत नाही. उंबरठा, म्हणजे एका क्वालीसाठी जास्तीत जास्त द्यायची रक्कम, ५०,००० धरला तर पहिल्याचा लाभ +७,०००, दुसऱ्याचा −७,०००. म्हणून निकालपत्रकाचा मुख्य रकाना आता निव्वळ लाभाचा.

मूळ प्रसंगात ब विरुद्ध अ : उंबरठा ५०,००० असता +१०,७७९, ३०,००० असता −४,७३३.

३ जुलै

उंबरठ्याबद्दल अहवालात टीप. दरडोई सकल देशांतर्गत उत्पादनाच्या एक ते तीन पट हा जागतिक आरोग्य संघटनेशी जोडला जाणारा निकष सरसकट वापरायचा नाही. देशाच्या आरोग्यखर्चातून दुसरीकडे काय सुटेल याचा त्यात विचार नाही. त्या दिशेने यॉर्क विद्यापीठाच्या गटाने २०१५ साली इंग्लंडसाठी काढलेला आकडा प्रति क्वाली १२,९३६ पौंड होता, नाइसच्या त्या वेळच्या २०,००० ते ३०,००० पौंडांच्या पट्ट्यापेक्षा बराच खाली. आपल्या अहवालात एक उंबरठा ठोकून न देता ० ते १,००,००० एककांपर्यंत स्वीकार्यता वक्र (प्रत्येक उंबरठ्याला ‘ब’ किफायतशीर असण्याची शक्यता दाखवणारा) द्यायचा.

वक्राखाली ओळ हवी : ‘ब किफायतशीर असण्याची शक्यता’ म्हणजे ‘ब निवडावा’ असे नव्हे. निवड सरासरी निव्वळ लाभावर होते.

४ जुलै

परिपूर्ण माहितीचे मूल्य. सूत्र पाहून कुणी दचकू नये म्हणून चार सोडतींचा नमुना अहवालात घातला. ब वजा अ चा निव्वळ लाभ : +२०,०००, +१२,०००, −६,०००, +१४,०००. सरासरी १०,०००, म्हणून आज निवड ‘ब’. भविष्य कळले असते तर तिसऱ्या सोडतीत ‘अ’ निवडला असता : (२०,००० + १२,००० + ० + १४,०००) ÷ ४ = ११,५००. फरक १,५०० एकके प्रति रुग्ण. त्याला निर्णयामुळे प्रभावित होणाऱ्या रुग्णसंख्येने गुणले की पुढच्या संशोधनावर जास्तीत जास्त किती खर्च करणे शहाणपणाचे, ती कमाल मर्यादा मिळते.

८ जुलै

चीअर्स २०२२ या आर्थिक मूल्यमापनाच्या अहवालांसाठीच्या तपासणी यादीतल्या २८ बाबींशी अहवाल ताडून पाहिला. २०१३ च्या आवृत्तीत २४ होत्या. जुना साचा कुणी पुढे पाठवला तर तो परत करावा. उरलेल्या त्रुटी : किमतीचे वर्ष तक्त्याच्या शीर्षकात नाही, आणि परिणाम टिकण्याचे गृहीतक सातव्या पानावर आहे. ते पहिल्या तक्त्यात आणायचे, (क), (ख), (ग) तिन्ही ओळींसकट.

फाइल लॉक केली. वयानुसार मृत्युदराचा तक्ता आला की १८ जूनचे तीन प्रसंग पुन्हा चालवायचे. (ग) आणि (क) तेव्हाही जुळले तर तक्ता जोडलाच गेलेला नाही असे समजावे.